आघाडीचे सरकार जुळते कुठे?

(खामगाव येथील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



‘लोकसभा निवडणुकीनंतर आघाडीचे सरकार कसे बनते’ हा विषय संयोजकांनी मला कळवला, तेव्हा मी त्यांना प्रामाणिकपणे म्हणालो, की मी कला शाखेचा पदवीधर आहे. आघाडी म्हणजे अंकगणित. एखाद्या गणिताच्या प्राध्यापकांना बोलवा. त्यावर ते म्हणाले, बेरीज-वजाबाकी दूरचित्रवाणीवर सगळेच करतात, तुम्ही आपल्या जिल्ह्याचे सांगा. तेव्हा दिल्लीला जायचे आहेच, पण आज आपण मेहकर, चिखली, मलकापूर या वाटेने जाऊ.

९ जून २०२४ ची संध्याकाळ आठवा. राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात पंतप्रधानांसह ७२ जणांनी शपथ घेतली. आपल्या जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत. त्यांपैकी सहा बुलडाणा लोकसभा मतदारसंघात येतात आणि मलकापूर रावेरमध्ये. त्या संध्याकाळी बुलडाण्याचे खासदार प्रतापराव जाधव यांनी शपथ घेतली आणि रावेरच्या खासदार रक्षा खडसे यांनीही घेतली. म्हणजे जिल्ह्यातला कोणताही मतदार घ्या, त्याचा खासदार त्या दिवशी केंद्रात मंत्री झाला. असा योग क्वचितच येतो. फटाके वाजले, पेढे वाटले गेले. आणि दुसऱ्याच दिवशी पानटपरीवर प्रश्न सुरू झाले : शिवसेनेचे सात खासदार, तरी कॅबिनेट मंत्रिपद एकही नाही, जाधवांना स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्रिपद. बिहारच्या जीतनराम मांझींच्या पक्षाचा मात्र एकच खासदार आणि तो कॅबिनेट मंत्री. हे कोणते गणित? मावळचे खासदार श्रीरंग बारणे यांनी ही नाराजी उघडपणे बोलून दाखवली होती, हे आपण वाचले असेलच.

या प्रश्नाचे उत्तर शोधले की आघाडीचे निम्मे शास्त्र उलगडते. लोकसभेच्या ५४३ जागा, बहुमताला हवेत २७२. भाजपला मिळाल्या २४०, म्हणजे ३२ कमी. राष्ट्रीय लोकशाही आघाडी मिळून २९३. आता वजाबाकी करा. शिवसेनेचे सात बाजूला काढले तरी २८६ उरतात. तेलुगू देसमचे १६ काढले तरी २७७. परंतु तेलुगू देसम आणि संयुक्त जनता दलाचे १२ असे दोन्ही एकदम काढले, की २६५ उरतात आणि सरकार कोसळते. म्हणजे या मांडणीत कोणा एकाच्या हाती सरकारची मान नव्हती, दोघांच्या मिळून होती. आघाडीत पक्षाचे मोल खासदारांच्या संख्येवर ठरत नाही. तो गेला तर काय होईल, यावर ठरते. मांझींच्या कॅबिनेट पदाला हेही उत्तर पुरत नाही. तेथे बिहारमधील महादलित समाजाचे प्रतिनिधित्व हा विचार होता आणि पुढच्या वर्षीची बिहार विधानसभेची निवडणूकही होती. अंकगणिताच्या जोडीला समाजकारण आले, की माझ्यासारख्या कला शाखेच्या माणसालाही थोडे बोलता येते.

आता घटनेकडे वळू. राष्ट्रपती पंतप्रधानांची नियुक्ती करतील आणि मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार असेल, एवढेच ७५ वा अनुच्छेद सांगतो. कोणालाच बहुमत नसेल तर राष्ट्रपतींनी प्रथम कोणाला बोलवायचे, याविषयी घटना मौन आहे. म्हणून प्रत्येक राष्ट्रपतींनी आपापली वाट काढली.

पहिला पेच पडला तो १९७९ मध्ये आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मराठी माणूस होता. मोरारजीभाईंच्या सरकारवर अविश्वास ठराव मांडला तो विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांनी. जनता पक्ष आतून दुभंगलेला होता. दुहेरी सदस्यत्वाच्या नावाखाली तेव्हा जनसंघाच्या मंडळींवर काय मोहीम उघडली गेली, हे या सभागृहातील ज्येष्ठांना मी सांगायला नको. मोरारजींनी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी सरकार बनवण्यासाठी प्रथम यशवंतरावांनाच पाचारण केले. सह्याद्रीचा पुत्र पंतप्रधान होण्याच्या इतक्या जवळ त्याआधी कधी गेला नव्हता. यशवंतरावांनी चार दिवस प्रयत्न केले आणि जमत नाही असे कळवले. मग चौधरी चरणसिंग पंतप्रधान झाले, यशवंतराव उपपंतप्रधान. इंदिरा काँग्रेसने बाहेरून दिलेला पाठिंबा काढून घेतला आणि चरणसिंगांनी २० ऑगस्टला, लोकसभेला एकदाही सामोरे न जाता, राजीनामा दिला.

१९८९ मध्ये राष्ट्रपती व्यंकटरामन यांनी सरळ नियम धरला : सर्वांत मोठा पक्ष आधी. राजीव गांधींच्या काँग्रेसला १९७ जागा होत्या. त्यांनी नकार दिला, म्हणून विश्वनाथ प्रताप सिंग आले. जनता दलाच्या १४३ जागा, एका बाजूने भाजपचा बाहेरून आधार आणि दुसऱ्या बाजूने डाव्यांचा. ही दोन टोके एका सरकारला किती दिवस तोलून धरणार? अकरा महिने. त्यानंतर साठेक खासदारांच्या बळावर चंद्रशेखर आले आणि काँग्रेसच्या मर्जीवर चार महिने राहिले. १९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मांनी व्यंकटरामन यांचीच रीत पाळली आणि १६१ जागांच्या भाजपचे नेते अटलजी यांना बोलावले. १६ मे रोजी शपथ, २८ मे रोजी राजीनामा. शिवसेना, अकाली दल, समता पक्ष आणि हरियाणा विकास पक्ष यांच्यापलीकडे पाठिंबा मिळालाच नाही. आपल्यासोबत यायला इतरांना तेव्हा विटाळ वाटत होता. राजकारणातील त्या अस्पृश्यतेचे चटके ज्यांनी सोसले, त्यांनाच पुढे १९९८ आणि १९९९ मध्ये काय बदलले हे खरे समजते.

के. आर. नारायणन यांनी १९९८ मध्ये रीत बदलली. मोठा पक्ष असणे पुरेसे नाही, पाठिंब्याची लेखी पत्रे दाखवा, असे ते म्हणाले आणि आपल्या निर्णयाची कारणे पत्रक काढून देशाला सांगितली. हे चांगले झाले, असे माझे मत आहे. तेव्हा मात्र आपल्यापैकी अनेकांना ते खटकले होते. जयललितांचे पत्र येता येईना. चेन्नईचे पत्र आले की दिल्लीला सरकार येणार, अशी देशाची अवस्था झाली होती. अखेर १९ मार्चला शपथविधी झाला आणि २८ मार्चला २७४ विरुद्ध २६१ मतांनी विश्वासदर्शक ठराव संमत झाला. तेलुगू देसमने बाजू बदलली म्हणून हे जमले.

आणि तेरा महिन्यांनी काय झाले?

१७ एप्रिल १९९९, शनिवार. मी चिखलीच्या बसस्थानकासमोर एका हॉटेलात होतो. कोपऱ्यात दूरचित्रवाणी संच, समोर पन्नासेक माणसे, एकाही टेबलावर चहाची ऑर्डर नाही. पडद्यावर आकडे आले. बाजूने २६९, विरोधात २७०. कोणी काही बोलेना. मालकाने संच बंद केला, तरी माणसे बसूनच होती. मग एक सेवानिवृत्त गुरुजी उठताना स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले, “आपलाच एक कमी पडला.”

तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ नीट लागला नाही. पंचवीस वर्षे आपण त्या एका मतासाठी कोणाकोणाला दोष दिला आहे! मुख्यमंत्री झालेले असूनही लोकसभेत येऊन मत देणारे गिरिधर गमांग. पक्षादेश झुगारणारे सैफुद्दीन सोझ. त्यांच्यावरचे लेख मीही लिहिले आहेत. गुरुजींचा रोख मात्र चिखलीकडे होता. १९९६ मध्ये बुलडाण्यातून शिवसेनेचे आनंदराव अडसूळ निवडून आले होते. १९९८ मध्ये ते हरले आणि काँग्रेसचे मुकुल वासनिक खासदार झाले. ती एक जागा आपल्याकडे राहिली असती, तर त्या दिवशीचे आकडे उलटे झाले असते : २७० विरुद्ध २६९. सरकार वाचले असते.

हे बुलडाण्याविषयी जितके खरे, तितकेच महाराष्ट्रातल्या इतर कितीतरी मतदारसंघांविषयी. १९९६ मध्ये युतीने राज्यात ३३ जागा जिंकल्या होत्या, भाजप १८ आणि शिवसेना १५. १९९८ मध्ये दोघांच्या मिळून दहा उरल्या. तेवीस जागा गेल्या! हा काही केवळ लाटेचा परिणाम नव्हता. काँग्रेस, रिपब्लिकन गट आणि समाजवादी पक्ष हे मतदानापूर्वी एकत्र आले होते. काँग्रेसला ३३ जागा मिळाल्या आणि रिपब्लिकनांना चार. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबईतून रामदास आठवले. चारांतले तीन आपल्या विदर्भातले. ज्या मतांची विभागणी गृहीत धरून आपण हिशेब मांडला होता, ती मते एका पेटीत पडली.

अवघ्या दीड वर्षात चित्र पुन्हा पालटले. जून १९९९ मध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना केली आणि दोन्ही काँग्रेस लोकसभेला स्वतंत्र लढल्या. युतीच्या जागा दहावरून अठ्ठावीसवर गेल्या. बुलडाण्यातून अडसूळ पुन्हा निवडून आले आणि पुढे अटलजींच्या सरकारमध्ये अर्थखात्याचे राज्यमंत्रीही झाले. दीड वर्षात बुलडाण्याचा मतदार मनाने इतका बदलला असेल, असे मला वाटत नाही. बदलली ती त्याच्यासमोरची मांडणी.

मला आज मुख्यतः जे सांगायचे आहे ते हेच. निकालाच्या रात्री दिल्लीत ज्या गाड्या धावतात, ज्या बैठका होतात, ती आपण सरकार बनण्याची प्रक्रिया समजतो. खरे सरकार त्याच्या सहा महिने आधी, जागावाटपाच्या टेबलावर जुळलेले किंवा बिघडलेले असते. राष्ट्रपती भवनात जाणारे पत्र ही त्या व्यवहाराची पावती. तमिळनाडू पाहा. १९९८ मध्ये अण्णाद्रमुकच्या आघाडीने तीस जागा आणून अटलजींना सत्तेवर बसवले. १९९९ मध्ये द्रमुक सोबत आला. डिसेंबर २००३ मध्ये तो बाहेर पडला आणि २००४ मध्ये त्याच्या आघाडीने राज्यातल्या सर्व ३९ जागा जिंकल्या, त्या पलीकडच्या पारड्यात पडल्या. काँग्रेस १४५, भाजप १३८ असा सात जागांचा फरक होता. ‘इंडिया शायनिंग’वर आपण बरेच खापर फोडले, चेन्नईच्या जागावाटपाकडे कमी लक्ष दिले.

निवडणुकीपूर्वी जुळले म्हणजे टिकतेच, असेही मी म्हणणार नाही. जयललितांची आघाडी निवडणुकीपूर्वीचीच होती. आणि डाव्यांचा पाठिंबा निकालानंतरचा असूनही मनमोहन सिंगांचे सरकार त्यावर चार वर्षे चालले. अणुकरारावरून डावे बाजूला झाल्यावरही जुलै २००८ मध्ये २७५ विरुद्ध २५६ मतांनी ते तरले. तेव्हा सभागृहात नोटांची बंडले दाखवली गेली, तो प्रसंग आपल्या स्मरणात असेलच, त्यावर मी वेळ घालवत नाही. मग फरक कशाने पडतो? माझ्या समजुतीप्रमाणे, काय करायचे आणि काय करायचे नाही हे आधी लिहून ठेवण्याने. १९९८ चा ‘राष्ट्रीय अजेंडा’ निकालानंतर, शपथविधीच्या तोंडावर तयार झाला. १९९९ मध्ये भाजपने स्वतःचा वेगळा जाहीरनामा काढलाच नाही. संपूर्ण आघाडीचा एकच जाहीरनामा घेऊन मतदारांसमोर गेला. ते सरकार २००४ च्या निवडणुकीपर्यंत चालले.

याची किंमत कोणी मोजली, हेही या सभागृहात बोलले पाहिजे. त्या जाहीरनाम्यात राममंदिर नव्हते, ३७० वे कलम नव्हते, समान नागरी कायदा नव्हता. त्या सप्टेंबरमध्ये एका गावातल्या बैठकीत एक कार्यकर्ता उभा राहिला. अयोध्येला दोनदा जाऊन आलेला, एकदा तुरुंगात राहिलेला. त्याने वक्त्यांना विचारले, “मग आम्ही घरोघर जाऊन मते कशासाठी मागायची, तेवढे सांगा.” वक्ते चांगले होते, पण त्यांच्याकडे उत्तर नव्हते. तो गृहस्थ बैठक संपल्यावर सतरंज्या घडी करून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रचाराला हजर होता. ३७० वे कलम ५ ऑगस्ट २०१९ रोजी निष्प्रभ झाले, २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली. २०१४ मध्ये २८२ आणि २०१९ मध्ये ३०३ जागा मिळाल्यानंतरच्या या गोष्टी आहेत. पण अटलजींच्या आघाडीने पाच वर्षे राज्य करून दाखवले नसते, तर देशाने पुढे हा विश्वास टाकला असता का, याचा विचार मी आपल्यावर सोडतो. दोन्ही बाजूंनी बोलता येईल. त्या कार्यकर्त्याशी माझे यावर अनेकदा भांडण झाले आहे, आणि दर वेळी मी जिंकलो असे नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या भाजपच्या कार्यकर्त्याची आणखी एक वेगळी कथा आहे. १९९६ पासून २०२४ पर्यंत लोकसभेच्या आठ निवडणुका झाल्या. बुलडाणा मतदारसंघाच्या मतपत्रिकेवर, आणि नंतर यंत्रावर, या आठही वेळा कमळ नव्हते. जागा शिवसेनेची. मलकापूरकरांना रावेरमुळे २००९ पासून कमळ मिळाले, बाकीच्यांनी आठ वेळा धनुष्यबाणासाठी भिंती रंगवल्या. २०१४ मध्ये लोकसभेला ज्यांच्यासाठी उन्हात फिरले, त्यांच्याशीच पाच महिन्यांनी विधानसभेला समोरासमोर लढले. २०१९ मध्ये विधानसभाही एकत्र लढले, निकाल लागला आणि युती मुख्यमंत्रिपदावरून तुटली. मतदाराने जे सरकार निवडले होते ते त्याला मिळालेच नाही. पहाटेच्या शपथविधीचाही मी येथे उल्लेख केला पाहिजे. २३ नोव्हेंबरचे ते सरकार तीन दिवसांत गेले. निकालानंतरच्या जुळवाजुळवीला आपण नावे ठेवतो, तेव्हा आपल्या बाजूची ती पहाट वगळून चालणार नाही.

मग २०२४. शिवसेना दोन झालेल्या. धनुष्यबाण प्रतापराव जाधवांकडे, मशाल नरेंद्र खेडेकरांकडे. आणि तिसरे शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर अपक्ष उभे राहिलेले रविकांत तुपकर. जाधव सुमारे २९ हजार मतांनी निवडून आले आणि तुपकरांना अडीच लाखांच्या आसपास मते मिळाली. सोयाबीन आणि कापसाच्या भावाने पोळलेला मतदार कोणत्याही आघाडीत मावला नाही, असा याचा अर्थ मी लावतो. राज्यात भाजपला नऊ, शिवसेनेला सात आणि राष्ट्रवादीला एक, अशा महायुतीच्या सतरा जागा आल्या. भाजपच्या ३२ कमी पडलेल्या जागांमध्ये महाराष्ट्राचा वाटा केवढा, हे २०१९ मधील २३ शी ताडून पाहा : एकट्या भाजपच्या चौदा जागा येथे गेल्या.

आणि सरकार बनल्यावर? २३ जुलै २०२४ चा अर्थसंकल्प आठवा. आंध्रच्या नव्या राजधानीसाठी १५ हजार कोटींची व्यवस्था, बिहारच्या रस्त्यांसाठी २६ हजार कोटी. विरोधकांनी याला सरकार वाचवण्याचा अर्थसंकल्प म्हटले. म्हणोत. चंद्राबाबू आणि नीतीशकुमार यांनी आपापल्या राज्यासाठी काय हवे ते नेमकेपणाने मांडले होते, एवढे मला त्यात दिसते. अमरावतीचे नाव ऐकून आपल्याकडे काही जण क्षणभर सुखावले, मग कळले की ही अमरावती कृष्णाकाठची!

आपण काय मांडले होते? खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराने तिचा उच्चार केला. पण युतीच्या जागावाटपात, ही जागा कोणाला यावर रात्री जागवल्या गेल्या त्या काळात, जागा कोणालाही द्या पण या मार्गाचे काम लेखी घ्या, असे म्हणणारे या जिल्ह्यातून कोणी गेले होते का? मी पत्रकार म्हणून तीस वर्षे या वाटाघाटींच्या बातम्या दिल्या. ‘बुलडाण्याची जागा सेनेकडेच’ हा मथळा मी स्वतः कितीदा दिला असेल. त्या जागेच्या बदल्यात बुलडाण्याला काय, हा मथळा एकदाही दिला नाही. आयुष खात्याच्या मंत्र्याला रेल्वेचा प्रश्न विचारून आता उपयोग नाही. तो विचारायची वेळ मार्चमध्ये होती, उमेदवारी जाहीर होण्याच्या आधीची.

२०२४ मध्ये आघाडीचा एकत्रित जाहीरनामा निघाला नाही. भाजपने आपला काढला, इतरांनी आपापला. पुढच्या वेळी तरी तो निघावा आणि जागावाटपाच्या दिवशीच निघावा, अशी मागणी करायची असेल तर ती कार्यकर्त्यानेच केली पाहिजे. त्याच्यापाशी ती करण्याचा अधिकार आहे. आठ वेळा दुसऱ्याच्या चिन्हाच्या भिंती त्याने रंगवल्या आहेत.

संयोजक घड्याळाकडे पाहत आहेत. प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटे ठेवली आहेत असे त्यांनी मघाशी सांगितले होते. समोरच्या रांगेत ते सतरंज्या घडी करणारे गृहस्थही बसलेले मला दिसत आहेत, त्यांचा हात भाषण संपायच्या आधीच वर गेला आहे. तेव्हा पहिला प्रश्न त्यांचा.